‘नेटिव्ह’ : एका इंग्रजी विशेषणाचा अर्थप्रवास आणि वसाहतकालीन पश्चिम भारत

सारांश :

‘नेटिव्ह’ हे इंग्रजी भाषेतील नित्य वापरातील विशेषण आहे. जन्म, भूमी, भाषा, वनस्पती, धातू, माणूस अशा अनेक नामांना ते लागते आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ बदलतो. एकोणिसाव्या शतकात हे विशेषण भारतात कायद्याचे, लष्कराचे, शिक्षणाचे व वृत्तपत्रांचे परिभाषिक पद बनले आणि मराठी भाषेतही ‘नेटिव्ह’, ‘एतद्देशीय’, ‘देशी’ अशा रूपांनी रुजले. प्रस्तुत शोधनिबंधात या विशेषणाचा ऐतिहासिक अर्थप्रवास तपासून, एखादा शब्द सत्तेच्या हाती वर्गीकरणाचे साधन कसा बनतो व ज्यांच्यावर तो लादला जातो ते त्याचा कसा उपयोग करून घेतात, याची चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : नेटिव्ह, एतद्देशीय, देशी, वसाहतवाद, मुंबई इलाखा, नागरिकत्व.

प्रस्तावना :

इतिहासाच्या अभ्यासात घटना, व्यक्ती व संस्था यांना जेवढे महत्त्व दिले जाते तेवढे शब्दांना दिले जात नाही. वास्तविक पाहता, एखाद्या काळातील माणसे स्वतःला व इतरांना कोणत्या शब्दांनी संबोधत होती हे समजून घेतल्याशिवाय त्या काळाची समाजरचना पूर्णपणे उलगडत नाही. रेमंड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कीवर्ड्स’ या ग्रंथाने शब्दांच्या इतिहासातून समाजाचा इतिहास वाचण्याची दृष्टी अभ्यासकांना दिली. नामांच्या तुलनेत विशेषणे दुय्यम मानली जातात. परंतु सत्तेचे काम बहुतांशी विशेषणांवरच चालते. ‘सैनिक’ हे नाम सर्वांना सारखे. त्यामागे कोणते विशेषण लागते यावरून त्याचा पगार, हुद्दा व मान ठरतो.

मुंबई इलाख्याचे एकोणिसाव्या शतकातील दप्तर चाळताना अभ्यासकाला पदोपदी भेटणारा शब्द म्हणजे ‘नेटिव्ह’. नेटिव्ह इन्फंट्री, नेटिव्ह स्कूल, नेटिव्ह सेक्रेटरी, नेटिव्ह टाउन, नेटिव्ह स्टेट, नेटिव्ह पेपर, नेटिव्ह ख्रिश्चन अशी ही मालिका लांबत जाते. या सर्व ठिकाणी त्याचा अर्थ एकच आहे काय? तो सर्वत्र अपमानकारकच होता काय? आणि तसा असेल, तर विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारख्या स्वाभिमानी गृहस्थाने आपल्या पत्राचे नाव ‘नेटिव्ह ओपिनियन’ का ठेवले? या प्रश्नांतून प्रस्तुत विषयाची निवड झाली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ‘नेटिव्ह’ या विशेषणाची व्युत्पत्ती व युरोपातील अर्थांतरे पाहणे.
२) मुंबई इलाख्यातील लष्कर, शिक्षण, कायदा व वृत्तपत्रे या क्षेत्रांतील त्याच्या वापराचा शोध घेणे.
३) मराठीतील पर्यायी शब्दांनी या अर्थात कोणती भर घातली हे तपासणे.
४) इतर वसाहतींशी तुलना करून या विशेषणाचे आजचे स्थान निश्चित करणे.

व्युत्पत्ती आणि मूळ अर्थ :

लॅटिन भाषेतील ‘जन्मणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून ‘नातिवुस’ हे विशेषण सिद्ध झाले. ‘जन्मतः असलेला’, ‘जन्माने प्राप्त झालेला’ हा त्याचा मूळ अर्थ. ‘नेशन’ व ‘नेचर’ हे शब्द याच धातूचे आणि ‘भोळा’ या अर्थाचा ‘नाईव्ह’ हा शब्द तर फ्रेंचमार्गे आलेले याच विशेषणाचे दुसरे रूप होय. म्हणजे राष्ट्र, निसर्ग, भोळेपणा आणि ‘नेटिव्ह’ ही एकाच कुळातील भावंडे आहेत.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या शब्दाला एक वेगळाच कायदेशीर अर्थ होता. तेथील लॅटिन दस्तऐवजांत ‘नातिवुस’ म्हणजे जन्मतः बांधलेला भूदास. तो जमीनदाराच्या जमिनीशी जखडलेला असे. पळून गेल्यास त्याला परत मिळविण्यासाठी मालकाला न्यायालयातून ‘दे नातिवो हाबेंदो’ नावाचा हुकूम मिळविता येत असे. १३८१ च्या इंग्लंडमधील शेतकऱ्यांच्या उठावातील एक प्रमुख मागणी भूदासत्व नष्ट करण्याची होती. ‘नेटिव्ह’ या शब्दाला चिकटलेली हीनता आशिया-आफ्रिकेच्या वसाहतींत प्रथम निर्माण झाली अशी सर्वसाधारण समजूत असते. तथापि जन्मावरून माणसाचा दर्जा ठरविण्याचे काम या शब्दाने इंग्रजांच्या घरातच आधी केले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

याच संदर्भात ‘व्हर्नाक्युलर’ या दुसऱ्या विशेषणाचा उल्लेख करणे उचित ठरेल. लॅटिनमध्ये ‘वेर्ना’ म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. त्यावरून ‘घरचे’, ‘स्थानिक’ या अर्थाचे विशेषण झाले आणि पुढे ते देशी भाषांना लागले. ‘व्हर्नाक्युलर फायनल’ उत्तीर्ण होऊन शिक्षक झालेल्या महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या नावापुढे ‘व्ह. फा.’ ही अक्षरे सन्मानाने लिहिली गेली. शब्दाच्या पोटात दडलेला गुलाम त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

भूदासत्व लोप पावल्यावर इंग्रजीत ‘नेटिव्ह’चा सौम्य अर्थ बळावला. जन्मभूमी, मातृभाषा, उपजत बुद्धी यांना ते विशेषण आदराने लागू लागले. टॉमस हार्डी यांच्या १८७८ मधील ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ या कादंबरीच्या शीर्षकात आपल्या गावी परतणारा इंग्रजच अभिप्रेत आहे. खनिजशास्त्रात निसर्गात शुद्ध स्वरूपात सापडणाऱ्या तांब्याला व सोन्याला, तर वनस्पतिशास्त्रात त्या प्रदेशातील मूळ जातींना हेच विशेषण लागते. याचा अर्थ असा की, हा शब्द इंग्रज स्वतःसाठी वापरी तेव्हा तो जिव्हाळ्याचा होता आणि तोच दुसऱ्यासाठी वापरला की त्याचा सूर बदलत असे. अर्थ शब्दात नव्हता. बोलणारा कोठे उभा आहे यात होता.

लष्करातील ‘नेटिव्ह’ :

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेतील हिंदी पायदळाच्या पलटणी ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’ या नावाने ओळखल्या जात. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी लढलेली तुकडी ही प्रामुख्याने याच दलाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती. तेथील विजयस्तंभावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेली अनेक महार सैनिकांची नावे आहेत. गावगाड्यात ज्यांना वेशीच्या आत मोकळेपणाने वावरता येत नव्हते, त्यांची नावे ‘नेटिव्ह’ या सदराखाली इतरांच्या शेजारी दगडावर कोरली गेली.

हे विशेषण येथे एकाच वेळी दोन कामे करीत होते. हिंदी सैनिकांतील जातिभेद ते काही अंशी झाकत होते आणि हिंदी व युरोपीय यांच्यातील भेद ठळक करीत होते. नेटिव्ह अधिकाऱ्याचा हुद्दा सुभेदार-मेजरच्या पुढे जात नसे आणि दीर्घ सेवा झालेला सुभेदारही नुकत्याच भरती झालेल्या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखालीच राही. १८८५ मध्ये पलटणींच्या अधिकृत नावांतून ‘नेटिव्ह’ हा शब्द वगळण्यात आला आणि ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’ची ‘बॉम्बे इन्फंट्री’ झाली. हुद्द्यांची उतरंड मात्र तशीच राहिली. इतकेच नव्हे, तर पुढच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली आणि गोपाळबाबा वलंगकर यांना त्याविरुद्ध अर्ज तयार करावा लागला. विशेषण काढल्याने विषमता जात नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

शिक्षणक्षेत्रातील ‘नेटिव्ह’ :

मुंबई इलाख्यात आधुनिक शिक्षणाचा पाया ज्या संस्थेने घातला ती १८२२ मध्ये स्वतंत्र झाली आणि १८२७ पासून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला भक्कम आधार होता. या संस्थेत ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ असे एक पद होते. सदाशिव काशीनाथ उर्फ बापू छत्रे यांनी ते भूषविले. पुढे बाळशास्त्री जांभेकर यांची १८३० मध्ये उपसचिव म्हणून व १८३२ मध्ये नेटिव्ह सेक्रेटरी म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी ६ जानेवारी रोजी त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले. एका बाजूस इंग्रजी व दुसऱ्या बाजूस मराठी मजकूर देणारे हे पत्र म्हणजे या पदनामाचेच प्रतिबिंब होते. नेटिव्ह सेक्रेटरीने दोन जगांच्या मध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्यास समजावून सांगावयाचे होते. मुंबईत १८२६ मध्ये सुरू होऊन १८३२ मध्ये बंद पडलेल्या नेटिव्ह मेडिकल स्कूलचा हेतूही असाच मर्यादित होता. सरकारी दवाखान्यांना साहाय्यक हवे होते.

परंतु शिक्षणातील ‘नेटिव्ह’ म्हणजे नेमका कोण? १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातील धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला व तो नाकारण्यात आला. सरकारी शाळेत केवळ जातीच्या कारणावरून कोणालाही प्रवेश नाकारू नये, हे तत्त्व कंपनीच्या संचालक मंडळाने १८५४ मध्ये मान्य केले होते. तरीही मुंबई सरकारने त्या मुलाच्या बाजूने हस्तक्षेप करण्याचे टाळले. पलटणीत जो निःसंशय ‘नेटिव्ह’ होता, तो शाळेच्या दारात ‘नेटिव्ह’ राहिला नाही. हे विशेषण सरकारच्या सोयीने रुंद व अरुंद होत होते आणि ते अरुंद करण्यात इथल्या उच्चवर्णीय समाजाचाही वाटा होता, हे नमूद करणे इतिहासाच्या प्रामाणिकपणाचे ठरेल.

या पार्श्वभूमीवर महात्मा जोतीराव फुले यांचे कार्य पाहावे लागते. पुण्यात १८५१ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळा ‘नेटिव्ह फीमेल स्कूल’ या नावाने ओळखल्या गेल्या. महार-मांग मुलांसाठीही त्यांनी शाळा काढल्या. म्हणजे सरकारने दिलेला शब्द स्वीकारून त्यात जे वगळले गेले होते त्यांना बसविण्याचे काम फुल्यांनी केले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी सादर केलेल्या निवेदनाचा गाभाही हाच होता. उच्चवर्णीयांच्या शिक्षणावर होणारा खर्च शेतकरी व कष्टकरी यांच्या पैशातून होतो आणि त्यांची मुले मात्र शाळेबाहेर राहतात, हा विरोधाभास त्यांनी उघड केला.

कायद्यातील ‘नेटिव्ह’ :

१८३३ च्या सनदी कायद्याच्या ८७ व्या कलमाने असे जाहीर केले की, कंपनीच्या मुलखातील कोणाही ‘नेटिव्ह’ला केवळ धर्म, जन्मस्थान, वंश वा वर्ण यांच्या कारणावरून कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरविले जाणार नाही. प्रत्यक्षात पुढील वीस वर्षांत वरिष्ठ सनदी सेवेत एकही हिंदी मनुष्य घेतला गेला नाही. १८५३ च्या कायद्याने स्पर्धापरीक्षेचा मार्ग खुला केला. पहिली परीक्षा १८५५ मध्ये लंडनला झाली. १८६३ मध्ये ती उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यातच झाली.

तथापि ८७ वे कलम निरर्थक ठरले असे म्हणता येत नाही. दादाभाई नौरोजी यांनी आयुष्यभर जी मांडणी केली तिचा आधार हे कलम व १८५८ चा राणीचा जाहीरनामा हाच होता. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या लेखणीने जे वचन दिले ते पाळावे, एवढेच त्यांचे मागणे होते. ज्या शब्दाने वेगळे काढले त्याच शब्दाच्या आधारे हक्क मागणे, ही नेमस्त राजकारणाची पद्धत होती. तिची पुढे बरीच टिंगल झाली. पण कायद्यातील शब्द पकडून भांडण्याची शिस्त या देशाला तिनेच लावली.

१८७० च्या कायद्याच्या सहाव्या कलमात ‘नेटिव्हज ऑफ इंडिया’ या पदाची व्याख्या करण्यात आली. राणीच्या हिंदुस्थानातील मुलखात जन्मलेली व तेथेच अधिवास असलेली, जिचे आईवडील हिंदुस्थानात नेहमीचे रहिवासी आहेत व केवळ तात्पुरत्या कामासाठी तेथे राहिलेले नाहीत अशी व्यक्ती, असा तिचा आशय होता. ही व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे. तीत वर्णाचा उल्लेख नाही, धर्माचा नाही, वंशाचाही नाही. त्यामुळे येथे स्थायिक झालेल्या युरोपीय कुटुंबातील किंवा मिश्र वंशाची व्यक्तीही कायद्याने ‘नेटिव्ह’ ठरत होती. उलट, व्याख्या शब्दशः घेतल्यास कोल्हापूर वा बडोदे संस्थानात जन्मलेला व तेथेच राहणारा मनुष्य तीत बसत नव्हता. कारण संस्थाने राणीच्या मुलखाचा भाग नव्हती. रस्त्यावरचा ‘नेटिव्ह’ कातडीच्या रंगावरून ओळखला जाई आणि कायद्यातला जन्म व अधिवास यांवरून. याच कलमान्वये १८७९ मध्ये नियम होऊन परीक्षेशिवाय हिंदी व्यक्तींची नेमणूक करणारी ‘स्टॅट्युटरी’ सेवा सुरू झाली. तिला समाजात फारशी प्रतिष्ठा लाभली नाही व १८८६-८७ च्या लोकसेवा आयोगानंतर ती मोडीत निघाली.

या दोन अर्थांतील संघर्ष इल्बर्ट विधेयकाच्या वेळी उघडा पडला. मुंबई, कलकत्ता, मद्रास या इलाखा-शहरांतील हिंदी दंडाधिकारी युरोपीय आरोपीचा खटला चालवू शकत होता. तोच मनुष्य बढती मिळून जिल्ह्यात गेला की त्याचा हा अधिकार संपत असे. ही विसंगती दूर करणारे विधेयक फेब्रुवारी १८८३ मध्ये मांडले जाताच युरोपीय समाजाने त्याविरुद्ध प्रचंड चळवळ उभारली. न्यायाधीशाची पदवी, अनुभव व हुद्दा यांपेक्षा त्याच्या नावामागचे विशेषण वजनदार ठरले. जानेवारी १८८४ मध्ये तडजोड झाली आणि युरोपीय आरोपीला, निम्मे सदस्य तरी युरोपीय वा अमेरिकन असतील अशी ज्युरी मागण्याचा हक्क मिळाला. सुशिक्षित हिंदी वर्गाला या प्रकरणाने एक कठोर धडा दिला. कितीही शिक्षण घेतले तरी ‘नेटिव्ह’ हे विशेषण गळून पडत नाही, हे त्याला समजून चुकले.

शहर व वृत्तपत्रे :

मुंबईच्या किल्ल्याबाहेर उत्तरेस पसरलेल्या दाट वस्तीला इंग्रज ‘नेटिव्ह टाउन’ म्हणत. मराठी माणूस त्याच भागाला ‘बाहेरकोट’ म्हणे. इंग्रजी नावाने वस्ती माणसांवरून ओळखली, तर मराठी नावाने ती जागेवरून ओळखली. एकाच मोहल्ल्याची ही दोन नावे दोन दृष्टिकोन व्यक्त करतात. १८६० च्या दशकात किल्ल्याचा तट पाडला गेला व ‘बाहेरकोट’ या शब्दाचा आधारच नाहीसा झाला. ‘नेटिव्ह टाउन’ मात्र इंग्रजी लेखनात पुढेही टिकून राहिले, कारण त्याची भिंत दगडाची नव्हती.

देशी भाषांतील पत्रांवर सरकार बारीक लक्ष ठेवीत असे. त्यांतील मजकुराचे इंग्रजी सारांश ‘नेटिव्ह न्यूजपेपर्स’च्या साप्ताहिक गोपनीय अहवालांत छापले जात. १८७८ च्या व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्टने देशी भाषांतील पत्रांवरच बंधने घातली. इंग्रजी पत्रे मोकळी राहिली. रिपन यांच्या कारकिर्दीत तो कायदा रद्द झाला, तरी अहवाल चालूच होते. आज महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकावर काम करणाऱ्या संशोधकांना हे अहवाल फार उपयोगी पडतात, कारण त्या काळातील अनेक पत्रांचे मूळ अंक उपलब्ध नाहीत. पहारेकऱ्याच्या नोंदवहीतून कैद्याचे बोलणे ऐकावे, तसा हा प्रकार आहे. ती नोंदवही वाचताना निवड कोणाची व भाषांतर कोणाचे, हे भान ठेवणे अगत्याचे आहे.

अशा वातावरणात मंडलिक यांनी १८६४ मध्ये ‘नेटिव्ह ओपिनियन’ हे इंग्रजी-मराठी पत्र मुंबईत सुरू केले. राज्यकर्त्यांच्या लेखी नेटिव्हांना श्रद्धा होत्या, रूढी होत्या, तक्रारी होत्या, मत नव्हते. ‘नेटिव्ह’ या विशेषणापुढे ‘ओपिनियन’ हे नाम ठेवणे हाच एक राजकीय दावा होता. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. तिने ‘नेटिव्ह’ हा शब्दच बाजूला ठेवून ‘सार्वजनिक सभा’ हे नाव घेतले. १८८५ मध्ये मुंबईत भरलेली राष्ट्रीय सभा ‘इंडियन’ व ‘नॅशनल’ ही दोन विशेषणे घेऊन उभी राहिली. त्याच वर्षी पलटणींच्या नावांतून ‘नेटिव्ह’ गेला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु जुन्या विशेषणाचे दिवस भरत आले होते, याची ती खूण मानता येईल. ‘नेटिव्ह स्टेट्स’ या पदाची जागाही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी लेखनात हळूहळू ‘इंडियन स्टेट्स’ने घेतली.

मराठीतील प्रतिशब्द :

मराठी लेखकांनी ‘नेटिव्ह’साठी मुख्यतः ‘एतद्देशीय’ हा संस्कृत शब्द योजला. ‘या देशाचा’ हा त्याचा अर्थ. इंग्रजी शब्दाचा आधार जन्म आहे, तर मराठी शब्दाचा आधार ‘हा’ हे जवळचे दर्शक सर्वनाम आहे. ‘एतद्देशीय’ म्हणणारा स्वतः या देशात उभा असतो. त्यामुळे मूळ शब्दातील तुच्छता भाषांतरात उतरली नाही. ‘देशी’ हा दुसरा पर्याय. देशी संस्थाने, देशी भाषा, देशी पलटण अशी पदे रूढ झाली आणि ‘विलायती’ हा त्याचा विरुद्धार्थी शब्द ठरला. या जोडीत प्रारंभी विलायती श्रेष्ठ व देशी कनिष्ठ, असा भाव होता. गणेश वासुदेव जोशी म्हणजेच सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारात खादीच्या वेषात गेले, तेव्हा या तराजूचे पारडे उलट फिरविण्याचा प्रयत्न सुरू झाला होता. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीने ‘स्व’ हा उपसर्ग जोडून त्या विशेषणाला तेज दिले.

पुढे १९८० च्या दशकात भालचंद्र नेमाडे यांनी साहित्यविचारात ‘देशीयता’ व ‘देशीवाद’ यांची मांडणी केली आणि इंग्रजीत त्यासाठी ‘नेटिव्हिझम’ हाच शब्द स्वीकारला. या मांडणीवर मराठीत मतभेद झाले व ते स्वाभाविकही आहेत. कारण ‘देशी’ कोणाचे, गावगाड्यातील वरच्यांचे की वेशीबाहेरच्यांचे, हा धारवाडच्या त्या मुलाने उभा केलेला प्रश्न तेथेही सुटलेला नाही.

बोलीभाषेने मात्र या शब्दाला अगदी घरगुती करून टाकले. मुंबईत ‘नेटिव्ह प्लेस’ म्हणजे मूळ गाव. कोकणातला चाकरमानी असो, घाटावरचा कामगार असो वा परप्रांतीय टॅक्सीचालक असो. ‘तुमचे नेटिव्ह कोणते?’ या प्रश्नात कोणालाही अपमान वाटत नाही. येथे विशेषणाचे नाम झाले असून, हार्डींच्या कादंबरीतील आपल्या मातीकडे परतण्याचा जिव्हाळ्याचा अर्थ त्याला पुन्हा लाभला आहे.

तुलनात्मक दृष्टी :

इतर देशांत या विशेषणाने घेतलेली वळणे तितकीच बोलकी आहेत. अमेरिकेत १८४० च्या दशकात ‘नेटिव्ह अमेरिकन’ नावाचा जो पक्ष निघाला तो तेथील आदिवासींचा नव्हता. आयरिश कॅथलिक स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या, तेथे जन्मलेल्या गोऱ्या प्रॉटेस्टंटांचा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेच पद तेथील मूळनिवासींसाठी रूढ झाले. ऑस्ट्रेलियात १८७१ मध्ये स्थापन झालेली ‘ऑस्ट्रेलियन नेटिव्हज असोसिएशन’ ही तेथे जन्मलेल्या गोऱ्यांची संस्था होती. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९९२ रोजी माबो खटल्यात, ती भूमी पूर्वी कोणाचीच नव्हती हे गृहीत फेटाळून मूळनिवासींचा ‘नेटिव्ह टायटल’ म्हणजे भूमीवरील पूर्वापार हक्क मान्य केला.

दक्षिण आफ्रिकेत याच्या उलट घडले. १९१३ च्या ‘नेटिव्हज लँड ॲक्ट’ने बहुसंख्य आफ्रिकी जनतेसाठी सुमारे सात टक्के भूमी राखून ठेवली व तिच्याबाहेर जमीन घेण्याचा त्यांचा मार्ग जवळपास बंद केला. १९३६ मध्ये हे प्रमाण सुमारे तेरा टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले. या धोरणाविरुद्ध लढणारी संघटना १९१२ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात ‘नेटिव्ह’ हा शब्द होता. १९२३ मध्ये तो वगळून ‘आफ्रिकन नॅशनल काँग्रेस’ हे नाव घेण्यात आले. एकाच विशेषणाने एका देशात भूमी हिरावली व दुसऱ्या देशात, उशिरा का होईना, ती परत मिळविण्यास आधार दिला.

स्वातंत्र्योत्तर काळ :

स्वतंत्र भारताच्या कायद्यांतून ‘नेटिव्ह’ बव्हंशी गेला आहे. तरी १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यातील ‘इंडियन ख्रिश्चन’च्या व्याख्येत ‘नेटिव्हज ऑफ इंडिया’ हे शब्द राहिले आहेत. केरळ व तमिळनाडूत ‘नेटिव्हिटी’ दाखला दिला जातो. महाराष्ट्रात त्याच स्वरूपाच्या कामासाठी अधिवास प्रमाणपत्र लागते.

अधिक महत्त्वाची बाब म्हणजे भारतीय संविधानाचे अनुच्छेद १६ (२). सरकारी नोकरीच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास यांच्या कारणावरून भेदभाव करण्यास ते मनाई करते. १८३३ च्या ८७ व्या कलमाशी त्याची तुलना केली असता दोन फरक दिसतात. पहिला, तेथे ‘नेटिव्ह’ होता, येथे ‘नागरिक’ आहे. दुसरा, त्या यादीत नसलेले ‘जात’ व ‘लिंग’ हे शब्द येथे आले आहेत. परकीय सत्तेने केलेल्या यादीत परकीय व एतद्देशीय यांच्यातील भेदांचाच विचार होता. एतद्देशीयांनी एतद्देशीयांवर केलेल्या अन्यायाचा नव्हता. ही उणीव भरून काढण्यास धारवाडच्या शाळेपासून संविधान सभेपर्यंत जवळजवळ एक शतक लागले.

निष्कर्ष :

१) ‘नेटिव्ह’ या विशेषणातील हीनतेचा अर्थ वसाहतींत प्रथम जन्मला नाही, मध्ययुगीन इंग्लंडमधील भूदासत्वाच्या कायद्यात त्याचे मूळ आढळते.

२) मुंबई इलाख्यात या शब्दाला एक स्थिर अर्थ नव्हता. लष्करात तो व्यापक होता, शिक्षणात संकुचित होता, कायद्यात जन्म व अधिवासावर आधारलेला होता आणि व्यवहारात वर्णावर.

३) हिंदी नेतृत्वाने हा शब्द निमूटपणे सोसला नाही. फुले यांनी त्याची कक्षा रुंदावली, मंडलिकांनी त्याला मताचा अधिकार जोडला, दादाभाईंनी त्याच्या आधारे वचनपूर्ती मागितली व सार्वजनिक सभेने तो नाकारला.

४) मराठीतील ‘एतद्देशीय’ व ‘देशी’ या प्रतिशब्दांनी मूळ शब्दातील तुच्छता गाळली, मात्र समाजांतर्गत विषमतेचा प्रश्न त्यांनीही अनुत्तरित ठेवला.

५) विशेषण बदलले म्हणजे व्यवस्था बदलली असे होत नाही, हे १८८५ नंतरच्या लष्कराच्या उदाहरणावरून दिसते.

आजही स्थानिक, मूळचा, भूमिपुत्र, परप्रांतीय, बाहेरचा ही विशेषणे आपल्या सार्वजनिक जीवनात वापरली जातात व त्यांवरून नोकऱ्या, घरे व मान यांचे वाटप व्हावे असा आग्रह धरला जातो. त्या आग्रहामागे काही वेळा खरी वंचना असते, तर काही वेळा केवळ दुसऱ्याला दूर ठेवण्याची इच्छा असते. यांतील फरक ओळखण्यासाठी ‘नेटिव्ह’चा इतिहास एक साधा निकष देतो. या शब्दाने आत कोणाला घेतले व दाराबाहेर कोणाला उभे केले, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे.